थोरलीचं पाणी

थेंब हिरवा होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आणि इंजिनाखालच्या पांढऱ्याशुभ्र ट्रेमध्ये जावयासारखा मधोमध बसला होता. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर घेतला आणि उकिडवे बसल्या बसल्याच जाहीर केलं, "रविवारी जायचं नाही."

"अण्णा, एक थेंब आहे," सून म्हणाली.

"एक कुठला? मागे त्याचे भाऊबंद उभे आहेत, बघ."

होते खरे. इंजिनाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून दुसरा थेंब ओघळत येत होता, आणि त्यालाही काही घाई नव्हती.

अण्णांचा नियम साधा होता: इंजिनाखाली थेंब दिसला की होडी धक्का सोडत नाही. जन्मभर त्यांनी माणसांची ने-आण करणारी लाँच चालवली, आणि या नियमापायी एका मंत्र्याची सगळी वरात भर उन्हात धक्क्यावर ताटकळत ठेवली होती. मंत्री तापला, साहेब तापले, अण्णा पाना घेऊन खाली बसले ते बसले. अशा माणसाला "एवढ्याशा थेंबाने काय होतंय" म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एरवी सुनेने वादही घातला नसता. पण हा रविवार महिन्याचा शेवटचा रविवार होता, आणि त्याच दिवशी अण्णांचा होडी चालवायचा परवाना संपत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नव्या परवान्याला मान डोलावली नव्हती. समोरच्या बेटावर अण्णांची बहीण राहायची, सगळ्यांची आक्का. स्वतःच्या शिडाच्या होडीतून, स्वतःच्या हाताने तिच्या दारात जायचं, हे अण्णा वर्षानुवर्षं म्हणत आले होते आणि दर वर्षी काही ना काही आडवं येत गेलं. या वेळी मात्र आक्काला निरोप गेला होता. आक्काला निरोप गेला म्हणजे साऱ्या बेटाला गेला. रविवारी त्या छत्री घेऊन बेटाच्या धक्क्यावर बसणार होत्या.

"शीड आहे की," सुनेचा नवरा म्हणाला. "इंजिन हवंच कशाला?" तो नकाशे काढायच्या कचेरीत होता. कागदावरचा समुद्र त्याला पाठ होता, खऱ्या समुद्रावर मात्र तो उलटीची बादली घेऊनच जायचा.

"बंदराचं तोंड केवढंसं आहे? वारा समोरून. तिथून काय तुझ्या फुंकरीवर बाहेर पडू?" अण्णा म्हणाले, आणि तो विषय मिटला.

"मी शोधते गळती," सून म्हणाली. "रविवारच्या आत."

बोलून बसली खरी. ती दातांची डॉक्टर. इंजिनाचं जे काही शिकली होती ते अण्णांच्या हाताखाली, लग्नानंतर, हौसेने. अण्णा तिला "डॉक्टर" म्हणायचे, आणि होडीवर आली की आधी हात दाखव म्हणायचे, दवाखान्यातून आलीस, धुतलेस ना, माझं इंजिन नाजूक आहे. उद्या अण्णांनी सुकाणू सोडलं की ते तिच्याच हातात यायचं होतं. हे कुणी बोललं नव्हतं, पण दोघांना ठाऊक होतं.

होडीला घरात थोरली म्हणायचे. हे नाव सासूबाईंनी, म्हणजे माईंनी दिलेलं. "मी लग्न होऊन आले तेव्हा ही आधीच नांदत होती," त्या सांगायच्या. "मग ती थोरली, मी धाकटी." पहिली काही वर्षं दोघींचं बरं चाललं. मग एकदा, मुलगा कडेवर होता तेव्हा, अण्णा एकटेच थोरलीला घेऊन गेले, इंजिनातलं पाणी संपलं, इंजिन तापून बसलं, वारा पडला, आणि स्वारी रात्रभर समुद्रावर. सकाळी मासेमारीच्या होडीने ओढत आणलं तेव्हा अण्णा हसत हात हलवत होते. माई रात्रभर धक्क्यावर उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "या होडीवर मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

शब्द म्हणजे शब्द, हे अण्णांना पटणारं होतं. त्यांनी परत कधी विषय काढला नाही. तेव्हापासून दर खेपेला माई धक्क्यावरूनच डबे देत, आणि डबे असे भरलेले की झाकणं दोरीने बांधावी लागत. माईंच्या हातचं कुणाला मोजून मिळालं नाही. "पुरे" हा शब्द त्यांच्या कानात शिरतच नसे. त्या "पुरे" ऐकून एक डाव वाढत आणि हात आडवा केला तर बोटांच्या फटीतून वाढत.

अण्णा मात्र त्या फजितीतून एक बढाई घेऊन आले होते. "त्या दिवसानंतर माझ्या इंजिनाने कधी पाणी मागितलं नाही. तीस वर्षं झाली. झाकण उघडावं, तर काठोकाठ!" हे ते पाहुण्यांना सांगत, टपालवाल्याला सांगत आणि पाहुणे नसले की इंजिनालाच सांगत.

तर हे पाणी. अशा इंजिनात दोन पाण्यांचा संसार असतो. इंजिनाच्या माथ्यावरच्या टाकीतलं गोडं पाणी त्याच्या पोटात फिरतं आणि उष्णता गोळा करतं. समुद्रातून खेचलेलं खारं पाणी तांब्याच्या नळ्यांमधून जातं आणि त्या गोड्या पाण्याला गार करतं. दोघं एकमेकांना चिकटून वाहतात, पण मिसळायचं नाही. या उन्हाळ्याच्या तोंडावर सुनेने दोन सुधारणा केल्या होत्या. साध्या पाण्याच्या जागी इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट घातलं, आणि इंजिनाखालच्या ट्रेमधला वर्षानुवर्षांचा काळा चिखल खरवडून त्याला पांढरा रंग दिला.

"रंग दिला नसता तर थेंब दिसलाच नसता," नवरा म्हणाला.

"दात घासले नसते तर किडलेलाही दिसला नसता," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना आटोपून ती थोरलीवर गेली, येताना तोंड तपासायचा लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन आली. अण्णा खूश. त्यांनी विजेरी धरली, तिने इंजिन पुसून कोरडं ठणठणीत केलं, प्रत्येक सांध्याला कागदी रुमालाची पट्टी गुंडाळली आणि इंजिन सुरू केलं. अख्खं इंजिन हातापायाला बँडेज बांधून धडधडत होतं. ते तापलं, अर्धा तास चाललं, बंद झालं. पट्ट्या सगळ्या कोरड्या. ट्रेमध्ये हिरवं तळं.

"आता तोंड उघडायला लाव तिला," अण्णा म्हणाले.

सुनेने आरसा इंजिनाच्या मागे सरकवला. शेवटच्या दाढेमागे बघायचं तसंच होतं, फक्त इथे कुणी जीभ मध्ये घालत नव्हतं. टाकीच्या झाकणाखालून निघून मागच्या बाजूने खाली उतरणारी एक बारीक नळी तिला आरशात दिसली आणि नळीच्या टोकाला लोंबकळणारा थेंब दिसला. टाकीत फार झालं तर ते बाहेर जावं, म्हणून ठेवलेली वाट होती ती.

"म्हणजे फुटलं काहीच नाही," ती म्हणाली. "ही वरून बाहेर टाकतेय."

"मग टाकीतलं पाणी कमी व्हायला हवं."

इंजिन गार होईपर्यंत थांबून ती दोघं घरी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन झाकण उघडलं. काठोकाठ! अण्णांचा चेहरा एकीकडे अभिमानाने फुलला आणि दुसरीकडे पडला. ट्रेभर पाणी बाहेर आलं होतं, आणि आत थेंबही कमी नव्हता. त्यांनी पुन्हा इंजिन चालवलं, पुन्हा तळं. पुढच्या दिवशी पुन्हा टाकी काठोकाठ.

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणजे आडदांड माणूस, दवाखान्याच्या खुर्चीत बसला की सुनेचा हात घट्ट धरणारा. होडीवर मात्र तो तिच्याकडे दयेने बघायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, इंजिनाला कान लावला आणि मान हलवली. "आतली तांब्याची नळी गेली. खारं पाणी गोड्यात शिरतंय. जेवढं शिरतं तेवढं वरून बाहेर. म्हणून टाकी भरलेली दिसते. इंजिन वर काढावं लागेल."

"किती दिवस?" अण्णांनी विचारलं.

"हा मोसम विसरा."

अण्णांनी विजेरी बंद केली. त्या दिवशी जेवताना माईंनी तीनदा वाढलं तरी ते नको म्हणाले नाहीत, यावरून घराला काय ते कळलं. पण मिस्त्रीचं म्हणणं सुनेला पचलं नव्हतं. दवाखान्यातही तो दर वेळी दुखऱ्या दाढेवर बोट ठेवायच्या ऐवजी "सगळ्याच काढा" म्हणायचा. दुखतंय कुठे ते कळल्याशिवाय ती दाढ काढत नसे, आणि इंजिनही काढणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने काचेची पट्टी नेली. तिच्यावर एक थेंब समुद्राचा ठेवला, एक टाकीतला, आणि पट्टी केबिनच्या टपावर उन्हात वाळत घातली. अण्णा टाकीत बोट बुडवून चव घ्यायला निघाले होते. "विष आहे ते!" म्हणून तिने त्यांच्या हातावर चापट मारली, आणि सासऱ्याला चापट मारल्याचं लक्षात येऊन दोघंही हसत सुटले. ऊन कडक होतं. समुद्राच्या थेंबाचं पांढरं खरखरीत कडं झालं. टाकीतल्या थेंबाचा नुसता चिकट डाग राहिला, मिठाचा कणही नाही.

"खारं नाही," ती म्हणाली.

मग तिने डब्यातलं नवं कूलंट आणि टाकीतलं कूलंट दोन छोट्या बाटल्यांत घेऊन शेजारी धरलं. नवं गडद हिरवं. टाकीतलं जेमतेम हिरवट, घशात अडकलेल्या हसण्यासारखं अर्धवट. म्हणजे टाकीत रोज पाणी येत होतं, आणि ते गोडं होतं. आता गोडं पाणी आणायला थोरलीवर ना पिण्याच्या पाण्याची टाकी ना नळ. अख्ख्या होडीवर गोडं पाणी एकाच ठिकाणी होतं: अण्णांच्या पाण्याच्या बाटलीत.

सुनेने बाटल्या खाली ठेवल्या. अण्णाच घालत असतील का? घालतात आणि विसरतात? डोळे गेले ते गेले, आता हेही? ती अण्णांकडे बघत राहिली. ते दोरीचं सैल टोक गाठवत बसले होते, शीळ घालत होते. तिने त्यांना काही विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही, हे खरं.

घरी येऊन तिने माईंच्या आरशापुढचा पावडरचा डबा गुपचूप उचलला आणि संध्याकाळी अण्णा दोर आवरत असताना अख्ख्या इंजिनावर, टाकीवर, झाकणावर पावडर भुरभुरली. गळती शोधायला पावडर लावतातच, ओघळ उमटतो. पण तिला आज ओघळ नको होता. कुणाचा हात लागतो, ते बघायचं होतं. त्या रात्री तिला धड झोप लागली नाही.

शनिवारी दवाखाना अर्धा दिवस असायचा. जेवण झाल्यावर अण्णा नेहमीसारखे आडवे झाले, माई बाजारात गेल्या, त्या परत आल्या, आणि मग सून धक्क्यावर गेली. तिने इंजिनावरचं फळीचं झाकण उचललं. खालपर्यंत पावडर जशीच्या तशी होती. टाकीचा वरचा भाग मात्र लखलखत होता. नुसता पुसलेला नव्हता. गोल गोल हात फिरवत, कडेकोपऱ्यासकट, ओटा पुसावा तसा पुसला होता. आणि बाजूला, तोल सांभाळायला कुणी टेकलं असेल, तिथे एक पंजा उमटला होता.

अण्णांचा पंजा वल्ह्याएवढा. हा पंजा छोटा होता, करंगळी किंचित आत वळलेली. त्या करंगळीने सुनेच्या ताटात रोज "एवढंसं" वाढलं जात होतं.

सून रिकाम्या होडीत एकटीच मोठमोठ्याने हसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अण्णा काहीही विसरत नव्हते. छातीवरचं ओझं असं उतरलं की ती मटकन खालीच बसली, आणि उठली तेव्हा तिच्या कपड्यांना सासूबाईंच्या पावडरीचा वास येत होता.

स्वयंपाकघरात माई पाणी उकळत होत्या. एक पातेलं गार होत ठेवलं होतं, शेजारी पातळ फडकं आणि नरसाळं. बाळाला पाणी द्यायचं असावं, अशी तयारी.

"कुणासाठी हो, माई?"

"प्यायला."

"कुणाच्या?"

माईंनी गॅस बारीक केला. मग मोठा केला. मग बंदच केला. "माझीच पावडर मलाच पुसायला लावलीस ना? वास आला तेव्हाच शंका आली होती. पण एवढी धूळ बघून हात स्वस्थ बसेना."

"रोज जाता?"

"हे झोपले की. त्या वेळी पाणी कमी पडलं म्हणून रात्रभर अडकले होते. तेव्हाच ठरवलं, माझ्या घरातून कुणी अर्धपोटी निघणार नाही. माणूस असो नाही तर यंत्र. उकळून, गार करून, गाळून घालते. नळाचं कच्चं नाही घातलं कधी."

"पण तुम्ही तर पाय ठेवणार नाही म्हणाला होतात!"

"नाहीच ठेवला," माई ताठ मानेने म्हणाल्या. "गुडघ्यांवर चढते, गुडघ्यांवर उतरते. शब्द म्हणजे शब्द."

सुनेला त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं आठवलं. जिन्याला दोष देऊन झाला होता, फरशीला दिला होता, हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, मुलगा इतकी वर्षं तेल चोळत होता. ती ओट्याला टेकून पोट धरून हसायला लागली. माई आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू आवरेना.

हसून झाल्यावर सुनेने समजावलं. पाणी तापलं की फुगतं. टाकीत वर दोन बोटं जागा मोकळी लागते. तेवढी ठेवली की इंजिन आपलं आपण सांभाळतं; काठोकाठ भरलं की जास्तीचं बाहेर टाकतं.

माईंनी तोंडावर हात ठेवला. "म्हणजे मी वाढायचं आणि तिने ओकायचं? इतकी वर्षं?"

"खाली काळा चिखल होता, पाणी साधं होतं. कुणाला दिसणार?"

"तिने तरी नको म्हणायचं."

"माई, तुम्ही ऐकलं असतंत?"

माईंनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग हळूच म्हणाल्या, "त्यांना सांगू नकोस हं. माझं इंजिन पाणी मागत नाही म्हणतात ना, तेव्हा अगदी लग्नातल्यासारखे दिसतात."

सुनेने शब्द दिला. या घरात शब्दाची किंमत काय असते, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

संध्याकाळी तिने मोठ्या सिरिंजने टाकीतून दोन बोटं पाणी ओढून घेतलं आणि अण्णांसमोर इंजिन चालवलं. तापू दिलं, बंद केलं. अण्णा गुडघ्यांवर बसून, चष्मा लावून, काढून, बोट फिरवून ट्रे बघत राहिले. पांढरा आणि कोरडा. एक ठिपका नाही.

"कुठे होती?"

"झाकणापाशी. जरा मोकळं केलं."

अण्णांनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली की तिच्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला. "मिस्त्रीची अक्कलदाढ काढ आता," ते म्हणाले.

रविवारी सकाळी धक्क्यावर सगळं जमलं. नवरा बादली घेऊन आधीच होडीत बसला होता. माई डब्यांच्या दोन पिशव्या घेऊन नेहमीच्या खांबापाशी उभ्या होत्या. अण्णांनी जुनी टोपी घातली होती, एक दोर सोडून झाला होता, आणि निघायच्या आधीचा नेहमीचा सोपस्कार म्हणून त्यांनी टाकीचं झाकण उघडून बोट आत घातलं.

बोट कोरडं बाहेर आलं.

त्यांनी पुन्हा घातलं. मग विजेरी घेऊन आत पाहिलं. बढाई उरायची तर पाणी काठोकाठ हवं, हे सून साफ विसरली होती.

"पाणी कमी आहे," अण्णा म्हणाले. आवाज इतका बारीक की नवऱ्यानेही बादलीतून डोकं वर काढलं. "तीस वर्षांत पहिल्यांदा. ट्रे कोरडा आणि पाणी कमी. म्हणजे आतल्या आत गळतंय. हे जास्त वाईट."

"अण्णा, मीच काढलं थोडं. जागा ठेवायला."

"तीस वर्षं काठोकाठ चाललं, तेव्हा जागा लागली नाही, आणि आज लागली?"

सून पेचात पडली. खरं सांगितलं तर शब्द मोडत होता, आणि नाही सांगितलं तर रविवार. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सोडलेला दोर उचलून ते परत खुंटीला गुंडाळायला लागले. सावकाश, नीट, एकावर एक वेढा.

"अहो," धक्क्यावरून माई म्हणाल्या, "गळत नाहीये ते. तिने काढल्यावर मी परत घातलं नाही."

"काय घातलं नाहीस?"

"पाणी."

दोर अण्णांच्या हातात तसाच राहिला. माईंनी सगळं सांगितलं, पिशव्या हातात धरून, खांबाकडे बघत. दुपारची झोप. उकळलेलं पाणी. फडकं, नरसाळं, गुडघे. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तिला फार झालं होतं. म्हणून बाहेर टाकायची. माझंच चुकलं."

अण्णांचे कान लाल झाले. ते इंजिनाकडे बघत होते, आणि त्यांची तीस वर्षांची बढाई तिथे पडली होती. "म्हणजे ते मागत नव्हतं, कारण..."

"मागायच्या आधीच मिळत होतं."

होडीखाली पाणी चुळुकचुळुक करत होतं. सुनेला वाटलं, आता हा माणूस रागावणार नाही तर रडणार. अण्णांनी दोन्ही केलं नाही. ते विचारात पडल्यासारखे म्हणाले, "इतकी वर्षं चढत होतीस. मग एकदाही माझ्याबरोबर का नाही आलीस?"

"तुम्ही कधी चल म्हणालात?"

"तूच नाही म्हणाली होतीस!"

"एकदा म्हणाले होते," माई म्हणाल्या. "एकदा नको म्हटलं म्हणून कुणी ताट उचलून घेतं का हो?"

अण्णा उठले. टोपी मांडीवरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. होडीच्या कडेला येऊन त्यांनी हात पुढे केला. "चल."

"नको."

"चल ना."

"माझे गुडघे दुखतात."

"म्हणून तर म्हणतोय, पाय ठेव. गुडघे नको."

"आक्का म्हणतील, ही कशाला आली."

"थोडंसं चल," अण्णा म्हणाले. ते या कामात नवखे होते, शब्द शोधावे लागत होते, आणि सापडले ते तिचेच. "एवढंसं. त्या टोकापर्यंत. माझ्यासाठी."

माईंनी पिशव्या मुलाच्या हातात दिल्या. चपला काढून खांबापाशी जोडीने ठेवल्या. मग अण्णांचा हात धरून त्यांनी उजवा पाय थोरलीवर ठेवला, आणि थोरली त्यांच्या बाजूला जरा झुकली. सुनेचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत. इंजिन सुरू करायला डोळ्यांची गरज नव्हती.

बंदराचं तोंड अण्णांनी स्वतः पार केलं, कडेच्या दगडांपासून वीतभर अंतर राखून, डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघावं असं. बाहेर पडल्यावर इंजिन बंद झालं, शीड वर गेलं, वाऱ्याने ते पोटभर भरलं. ते टोक आलं आणि गेलं. माईंनी उतरायचं नाव काढलं नाही. सुनेने इंजिनाचं फळीचं झाकण उचलून पाहिलं. ट्रे कोरडा.

"तिला काही हवंय का गं?" माईंनी विचारलं.

"नको माई. पोट भरलंय तिचं."

बेट जवळ आलं तसे अण्णा सरकले. "धर," ते म्हणाले.

"मी? नको हो. मला येत नाही."

"धर गं थोडं."

माईंनी दोन बोटांनी सुकाणू धरलं. "पुरे."

"अजून थोडं."

माई खळखळून हसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी सुकाणू पकडलं, आणि थोरली आधी उजवीकडे गेली, मग डावीकडे, मग विचार करत थांबली. नवऱ्याने बादली जवळ ओढली. अण्णांनी सुकाणूला बोटही लावलं नाही. जन्मभराच्या परवान्यातले शेवटचे तास त्यांनी हात मांडीवर ठेवून बायकोकडे बघण्यात घालवले, आणि इतके सुखात सुनेने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आक्का धक्क्यावर छत्री घेऊन बसल्या होत्या, मागे अर्धं बेट उभं होतं. होडी तिसऱ्या खेपेला धक्क्याला लागली. आक्का भावाला जवळ घ्यायच्या आधीच कडाडल्या, "अरे, एवढी वाकडीतिकडी! मला वाटलं, तुला दिसेनासंच झालं. स्वतःच्या हाताने आणणार होतास ना?"

अण्णांनी आधी माईंना हात देऊन उतरवलं, त्या दोन्ही पायांवर उभ्या राहीपर्यंत थांबले, आणि मग बहिणीकडे वळले.

"थोरलीला आज धाकटीने आणलं," ते म्हणाले, आणि अगदी लग्नातल्यासारखे दिसले.